विश्वकर्मा पूजेनंतरचं शून्य

रायपूर
२० ऑक्टोबर २००३

ती. निरंजन मामांस,

नमस्कार लिहून राहिली, कारण आईनं ती सवय लावून दिली. मन मात्र नमस्काराच्या जागी नाही. फोन केला असता, पण तुम्हाले ऐकू येत नाही आणि वरददादा मधात बसून अर्धंच सांगतो. म्हणून कागद.

आपल्या सचिनले मिलमधून सस्पेंड केलं. अकरा तारखेले, शनिवारी सकाळच्या पाळीत, उरला वसाहतीतल्या मिलमध्ये सळ्या दाबणाऱ्या पहिल्या स्टँडचा गेअरबॉक्स फुटला. लोखंडाचा एक तुकडा उडून मागे काम करणाऱ्या मीराबाईच्या पायावर आला. मीराबाई म्हणजे बीरगांवची रेजा, ठेकेदाराकडं लागलेली मजूरबाई. गरम सळ्यांवरून गळणारी काळी खपली ती झाडून टोपल्यात भरते. डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. दोन पोट्ट्या आहेत तिले, लहान.

मिलवाले म्हणून राहिले की सचिन भैया कंट्रोल रूममध्ये होता, मशीनची थरथर दाखवणारा कॉम्प्युटर त्याच्या समोर होता, त्यानं पाहिलं नाही. तो कॉम्प्युटर कोणता ते तुम्हाले सांगाले नको. मागच्या दिवाळीले तुम्ही दोन दिवस तिथं बसून तुमचा प्रोग्रॅम टाकून दिला. शेठजीनं शाल-श्रीफळ दिलं, हिंदी पेपरात फोटो आला, अन् पडद्याच्या खाली पितळेची पट्टी लागली, ‘प्रा. निरंजन देवतळे के सौजन्य से’. ती पट्टी अजून आहे. रोज कोणीतरी पुसते.

मामा, त्या पडद्यावर तीन आठवडे शून्य दशांश शून्य शून्य येऊन राहिलं होतं. मशीन फुटली तेव्हाबी शून्य. घंटी वाजलीच नाही.

सगळ्यात वाईट ते लिहून टाकते. अपघाताच्या आधी मीराबाई सचिनकडे आली होती. म्हणाली, भैया, खाली जमीन थरथरून राहिली, मी मागे नाही जात. आपल्या शहाण्यानं तिले पडदा दाखवला. म्हटलं, पाहा, शून्य आहे, जा. ती गेली.

आता घरात सचिन जेवत नाही, बोलत नाही. पोलिसात रिपोर्ट झाली, त्यात त्याचंच नाव. दिवाळी पाच दिवसांवर आली, मी घरात दिवाबी लावणार नाही. मले फक्त एवढं सांगा, शून्य काहून येत होतं. तुम्ही आम्हा बहीण-भावाले गणित शिकवलं, बाबा गेल्यावर तुमच्याच घरी वाढलो. तर सांगा.

यामिनी


नागपूर
२७ ऑक्टोबर २००३

चि. यामिनी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. त्या बाईबद्दल वाटलंच, सचिनबद्दलही. पण तू रागाच्या भरात लिहितेस, आणि रागात माणूस प्रश्न नीट मांडत नाही. मी शांतपणे समजावतो.

त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते, मोजायला अनेक एककं आहेत. झाडावरून आंबा पडतो तेव्हा त्याचं त्वरण आपल्या रोजच्या मापात साधारण दहा असतं. यंत्राची थरथर याच मापात मोजतात. गेअरबॉक्स नीट असेल तर आठ-नऊ, पंचवीसच्या वर गेला तर धोका, घंटी वाजते. ही पंचविसाची मर्यादा मीच प्रोग्रॅममध्ये घातली होती.

पण अणूच्या आत हे माप चालत नाही. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतो, त्याचं जे त्वरण, ते तिथे एक धरतात. त्याला अणुएकक म्हणतात. ते एक म्हणजे आपल्या मापात नवावर बावीस शून्यं. किती सुंदर कल्पना आहे पाहा. माझ्या प्रोग्रॅममध्ये चौदा एककं आहेत आणि कोणत्याही एककातून कोणत्याही एककात जाता येतं. शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. एम.एस्सी.च्या मुलांकडून मी ते दहा वर्षं तपासून घेतलं आहे.

तेव्हा शून्य का आलं याचं उत्तर सोपं आहे. कुणीतरी यादीतून अणुएकक निवडलं. गेअरबॉक्सची थरथर इलेक्ट्रॉनच्या मानानं नगण्य, त्यामुळे दोन दशांशांत शून्य दिसलं, आणि घंटीही त्याच आकड्यावर चालते. प्रोग्रॅम खोटं बोलला नाही. ज्यानं एकक बदललं त्यानं चूक केली.

सचिनला शून्य विचित्र वाटलं नाही का? एका पत्रानं मला विचारलं असतं तर मी त्याला पाच ओळींत सांगितलं असतं. इतकी वर्षं शिकवलं ते हेच का, म्हणून मलाही राग येतो.

मीराबाईसाठी काही पाठवायचं असेल तर कळव. प्रकृती सांभाळ.

तुझा मामा


रायपूर
५ नोव्हेंबर २००३

मामांस,

मी तुम्हाले आंब्याचं विचारलं नव्हतं.

कुणीतरी निवडलं म्हणता ना, तर तो कुणीतरी कोण ते मी शोधलं. पंडरी बाजारातल्या माझ्या नोकरीच्या दुकानातून चार दिवस सुट्टी काढली, तिथल्या शेठनं तोंड वाकडं केलं तरी काढली, अन् मिलच्या तीन माणसांना घरी जाऊन भेटली. कोणी दारातूनच वाटेले लावलं. रमाबाई, जी मिलमध्ये चहा देते, तिनं सगळं सांगितलं.

सतरा सप्टेंबरले विश्वकर्मा पूजा होती. वर्षातून तोच एक दिवस मिल पूर्ण बंद राहते. भट्टी थंड, मोटारी बंद, अन् देवापुढं सगळी औजारं स्वस्थ पाहिजेत म्हणून कॉम्प्युटरबी बंद, त्याची बॅटरीबी बंद. तुम्ही बसवला तेव्हापासून तो कॉम्प्युटर एकदाबी बंद झाला नव्हता. लाईट गेली तरी बॅटरीवर चालायचा. पहिल्यांदा बंद झाला तो पूजेले.

अठराले सकाळी सुरू केला. तुमच्या प्रोग्रॅमनं आधीचं माप लक्षात ठेवलंच नव्हतं. यादीत जे पहिलं नाव, ते त्यानं आपल्या मनानं लावून घेतलं. अन् यादी तुम्ही इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावली, म्हणून सगळ्यात वर अणूचं माप. चौदांत मिलले एकच पाहिजे होतं. तेरा तुमच्या हौसेचे.

अन् ऐका. मापाचं नाव पडद्यावर खालच्या कोपऱ्यात बारीक दिसते. पूजेले शेठजीच्या सुनेनं प्रत्येक मशीनले शेंदराचा टिळा लावला. कॉम्प्युटरले कुठं लावला? त्याच कोपऱ्यात. देवाचा टिळा, मामा. तो कोण पुसणार? सचिननं नाही पुसला, साफसफाईवालीनं नाही पुसला, शेठजी येऊन हात जोडून गेले त्याईनंबी नाही पुसला. वरून म्हणाले, देखो, विश्वकर्मा भगवान की कृपा, मशीन कितनी शांत चल रही है. शून्यावर पेढे वाटले, मामा. रमाबाईनं स्वतः वाटले.

म्हणजे कोणी काही निवडलं नाही. पूजेनं निवडलं अन् तुमच्या यादीनं निवडलं.

चोवीस नोव्हेंबरले कारखाना निरीक्षकांपुढं सुनावणी आहे. रायपूर राजधानी झाल्यापासून ऑफिस इथंच आलं, नाहीतर सचिनले तारखेले बाहेरगावी जावं लागलं असतं. मिलचा वकील म्हणते की ऑपरेटरनं माप बदललं. प्रोग्रॅम आपोआप यादीतल्या वरच्या नावावर जातो, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे. तुम्ही या. तुम्ही नाही आले तर सचिन जेलमध्ये जाईल.

सोबत फ्लॉपी आहे. रमाबाईच्या भाच्यानं त्या कॉम्प्युटरमधून काढून दिली. पडद्यावर शून्य दिसत होतं, पण आत पूर्ण आकडे आहेत, मी पाहिले, शून्य शून्य करत बावीस घरं मागे गेलेले. ते परत रोजच्या मापात करा. मले सांगा, घंटी कोणत्या दिवशी वाजाले पाहिजे होती.

यामिनी


नागपूर
१२ नोव्हेंबर २००३

चि. यामिनी,

तुझं पत्र मिळालं. त्यातली भाषा माझ्याशी बोलण्याची नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे, जिना उतरवत नाही. ऐकू येत नाही हे तू जाणतेस. सुनावणीत उभा राहिलो तर वकिलाचा प्रश्नच मला कळणार नाही, हसं होईल. जानेवारीत इथल्या विज्ञान मंडळानं माझा सत्कार ठेवला आहे. त्याआधी कोर्टकचेरीत नाव यावं असं वरदलाही वाटत नाही.

प्रोग्रॅममध्ये गणिती दोष नाही, असं सहीनिशी प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. ते सादर कर. फ्लॉपी उघडलेली नाही. माझ्याकडचा कॉम्प्युटर ती वाचत नाही. सचिननं शेठजींची माफी मागितली तर प्रकरण मिटेल असं मला वाटतं. शेठजी सज्जन आहेत.

तुम्हा दोघांसाठी मी काय केलं ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आताही दाखवत नाही.

मामा


रायपूर
१७ नोव्हेंबर २००३

निरंजन मामा,

बोलून दाखवत नाही असं लिहून तुम्ही दाखवलंच.

तुमचं प्रमाणपत्र फाडलं. त्यात लिहिलं की दोष नाही. म्हणजे वकील तेच वाचून म्हणेल की मग दोष सचिनचाच. तुम्हाले हे कळलं नाही असं मी मानत नाही. नागपूरले जायच्या आधी तीस वर्षं तुम्ही रायपूरच्या पोट्ट्यांना शिकवलं.

काल सचिनचा मिलचा खाकी शर्ट धुवाले काढला. अपघाताच्या दिवसापासून तो खुंटीवर तसाच होता. खिशात एक आंतर्देशीय पत्र सापडलं. तुमच्या हातचं, पंचवीस सप्टेंबरचं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

तुम्ही लिहिलं होतं, ‘एकोणीस तारखेचं पत्र पोचलं. पूजेनंतर आकडा शून्य येतो म्हणून घाबरू नकोस. पूजेआधी तेलपाणी झालं असेल, यंत्र शांत झालं असेल. माझा प्रोग्रॅम चुकत नाही. शून्य आहे तर शून्यच आहे. सेटिंगला हात लावू नकोस, बिघडवशील.’

मामा, त्यानं विचारलं होतं. एका पत्रानं विचारलं होतं. अन् मले सत्तावीस ऑक्टोबरले तुम्ही लिहिता की विचारलं असतं तर पाच ओळींत सांगितलं असतं. पाच ओळीच होत्या त्या. मी मोजल्या.

त्या दिवशी मीराबाईले पडदा दाखवताना हे पत्र त्याच्या खिशात होतं. तो शहाणपणा त्याचा नव्हता, तुमचा होता.

मी सचिनपुढं पत्र धरलं. महिन्यानं तो पहिल्यांदा ओरडला. म्हणाला, जाळून टाक. मी म्हटलं, हेच दाखव, सुटशील. तो म्हणाला, ‘मामानं मले अंकगणित शिकवलं, त्याईले मी साहेबापुढं उभं नाही करणार. तू दाखवलं तर मी म्हणेन हे अक्षर मामाचं नाही.’ असा भाचा मिळाला तुम्हाले. मले तर त्याचाबी राग येऊन राहिला. एका बाईचा पाय गेला अन् हा मामाची अब्रू झाकत बसला.

म्हणून आता मी एकच गोष्ट करून राहिली. तुमचं पत्र तुम्हालेच परत पाठवते, रजिस्टरनं. झेरॉक्स काढाले दुकानापर्यंत गेली होती, दारातून परत आली. झेरॉक्स ठेवली तर तुम्ही भीतीनं याल. मले तसे आलेले तुम्ही नको. जाळा, फाडा, नाहीतर चोवीस तारखेले घेऊन या. तुमच्या मनाशिवाय कोणी तुम्हाले विचारणार नाही.

अन् फ्लॉपी वरददादाच्या कॉम्प्युटरवर उघडते. मी त्याले फोन करून विचारलं.

यामिनी


नागपूर
२१ नोव्हेंबर २००३

यामिनी,

रजिस्टर काल आलं. सही वाकडी झाली, पोस्टमननं पुन्हा मागितली.

आधी कबुली. सत्तावीस ऑक्टोबरचं ते वाक्य लिहिताना मला पंचवीस सप्टेंबरचं पत्र आठवत होतं. विसरलो नव्हतो. सचिननं ते टाकून दिलं असेल, असं धरून मी लिहिलं. सत्तर वर्षांच्या माणसानं आपल्या भाचीला खोटं लिहिलं.

फ्लॉपी काल दुपारी उघडली. वरद ऑफिसला गेला होता. कॉम्प्युटरला गुणाकार करायला लावले नाहीत, स्वतः केले, पाटीवर, जसे तुम्हा दोघांकडून करून घ्यायचो. आतला प्रत्येक आकडा नवावर बावीस शून्यांच्या त्या संख्येनं गुणायचा, की रोजचं माप येतं. तू मागितलं होतंस ते देतो.

अठरा सप्टेंबर, नऊ. यंत्र नीट होतं. पंचवीस सप्टेंबरला, ज्या दिवशी मी टेबलाशी बसून ‘शून्य आहे तर शून्यच आहे’ असं लिहिलं, सोळा. दोन ऑक्टोबर, सकाळी आठ वाजता, पंचवीस आणि थोडं वर. यामिनी, घंटी दोन ऑक्टोबरला वाजायला हवी होती. त्यानंतर नऊ दिवस ते यंत्र ओरडत होतं. अकरा ऑक्टोबरला साठ.

हे करून मी पाटी पुसली नाही. वरद आला, त्यानं विचारलं हे काय. मी त्याला पत्र वाचायला दिलं. तो म्हणाला, बाबा, जाऊ नका. मग म्हणाला, तिकीट मी काढतो.

मला तुझ्या पत्राचा फार राग आला होता. ती अणुएककं मी कौतुकानं घातली होती. मिलच्या लोकांनी यादी उघडून पाहावी आणि म्हणावं, केवढं शिकलेला माणूस आहे. कोणी उघडलीच नाही, आणि तेच वरचं नाव त्या बाईच्या पायावर पडलं.

चोवीसला सकाळच्या गाडीनं पोचतो. पत्र, पाटीवरचे आकडे कागदावर, सगळं घेऊन येतो. सचिनला स्टेशनवर पाठवू नको, मला त्याच्या तोंडाकडे पाहवणार नाही. तू ये.

मले माफ कर असं लिहीत नाही. तो हक्क मले नाही.

निरंजन


रायपूर
३० नोव्हेंबर २००३

ती. मामांस,

नमस्कार. या वेळी लिहावा वाटला.

तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. सुनावणीत काय काय बोलणं झालं ते तुम्हाले ऐकू आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. तुम्हाले समजलं असं वाटून राहिलं असेल, पण सगळं समजलं नाही.

तुम्ही पत्र टेबलावर ठेवलं तेव्हा मिलचा वकील म्हणाला, यह तो घर की चिट्ठी है. निरीक्षक म्हणाले, घर की चिट्ठी है इसीलिए पढ़ूँगा. त्यांनी दोनदा वाचलं. आकड्यांचा कागद पाहिला, तुम्हाले विचारलं की दो अक्टूबर पक्का है क्या. तुम्हाले ऐकू नाही आलं, मी तुमच्या कानापाशी ओरडली. तुम्ही म्हटलं, पक्का. मंग तुम्ही आपल्याहून म्हटलं, ‘गलती मेरी है, भांजे की नहीं.’ तेव्हा सचिन उठून बाहेर गेला. तुम्हाले वाटलं रागावून गेला. नाही. व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडला.

परवा आदेश आला. सचिनचं निलंबन मागे. पोलिसात त्याचं नाव काढाले लिहून दिलं. मिलच्या व्यवस्थापनावर प्रकरण चालेल. तुमचं नाव साक्षीदारांत आहे, पुन्हा यावं लागेल. शेठजीनं पितळेची पट्टी काढून टाकली, रमाबाई म्हणते चार स्क्रूची भोकं तेवढी राहिली.

आता मीराबाई. ती कुबड्या घेऊन आली होती, दोन्ही पोट्ट्या सोबत. निरीक्षकांनी तिले विचारलं, तूने क्या देखा. ती सरळ तुमच्यापाशी आली. तुमचा हात धरला, टेबलावर पालथा दाबून ठेवला, अन् आपला हात वरून ठेवून जोरात थरथरवला. पाण्याचा गिलास खणखणला. अन् मग ती काहीतरी बोलली. तुम्ही मान हलवली, हव, हव म्हटलं, डोळे पुसले अन् तिले हात जोडले. बाहेर निघताना तुम्ही मले म्हणाले, केवढ्या मनाची बाई आहे, माफ केलं तिनं मले.

मामा, मी तेव्हा काही म्हटलं नाही. गाडी सुटाची वेळ झाली होती. पण तुम्ही चुकीचं समजून राहिले अन् मले ते राहू द्यायचं नाही. चुकीचं समजून एकदा काय झालं ते आपण पाहिलं.

तिनं माफ नाही केलं. तो आशीर्वाद नव्हता. ती तुम्हाले साठ म्हणजे किती ते दाखवून राहिली होती. तिचे शब्द मी तिथंच वहीत लिहून घेतले, जसे म्हटले तसे. ती म्हणाली,

‘मोर गोड़ ह जानत रिहिस, गुरुजी. फेर रेजा के गोड़ ल कोन पूछथे?’

माझ्या पायाले माहीत होतं, गुरुजी. पण रेजाच्या पायाले कोण विचारते.

मी तिच्याकडं दर रविवारी जाते. माझ्याकडं पाहूनबी ती अजून हसत नाही. चहा मात्र देते.

गुडघ्याले तेल लावत जा. पुढच्या तारखेले मीच स्टेशनवर येईन.

यामिनी